दारूनंतर पोट दुखायचं म्हणून शेवटी दुर्बीण घालून घेतली, कोल्हापुरातल्या एका पोटाच्या दवाखान्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक स्टार रिसेप्शनवरच्या मॅडमनी घालवला, ते खाली येईलच. दवाखान्याचं नाव टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे आणि गाव लहान आहे, डॉक्टर मला परत लागणार आहेत. राजारामपुरीत आहे एवढं सांगतो, आता राजारामपुरीत गल्लीगल्लीत दवाखाने आहेत त्यामुळं एवढ्यावरनं कुणाला काय कळणार नाही, बरंच आहे.

तर झालं असं की मला गेली दोन वर्षं दारू प्यायल्यावर पोटात दुखायचं. रोज पिणारा माणूस नाही मी, शनिवारी मित्रांबरोबर बसायचं, कधी मधे एखादा वाढदिवस निघाला तर तेवढं. पण बसलं की रात्री तीनच्या सुमाराला जाग यायचीच. बरगड्या जिथं मधोमध भेटतात त्याच्या खाली चार बोटं, तिथं कुणीतरी गरम झारा टेकवून ठेवलाय असं. उठून गार दूध प्यायचं, पंधरा मिनिटं बरं वाटायचं, परत सुरू. मग ओवा चावून बघितला, जिरं भिजवून त्याचं पाणी पिऊन बघितलं, सोड्याची पुडी पाण्यात टाकून फस्स करून प्यायली, ढेकर आली की वाटायचं गेलं आता, आणि उशीला डोकं टेकवलं की परत हजर.

सगळे म्हणायचे ॲसिडिटी आहे. मेडिकलवाला पण म्हणायचा ॲसिडिटी आहे आणि पँटोप्राझोलची स्ट्रिप हातात द्यायचा. मी पण मग शहाणा झालो, बारमध्ये जातानाच खिशात गोळी, शेवटचा पेग झाला की टाकायची तोंडात. दोन वर्षं हे असंच. बरं त्यात परत व्हिस्की जड पडती म्हणून बिअरवर आलो, पोटाला हलकी म्हणून. त्यानं जास्तच दुखायला लागलं पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही, मला वाटायचं चकणा तिखट होता म्हणून.

यंदाच्या गटारीच्या आधीच्या रविवारी आमच्या ग्रुपचं बसणं ठरलं. श्रावणात निम्मे लोक सोडतात म्हणून त्या दिवशी महिन्याभराचं एकदम उरकायचं असतंय. दुपारपासनं काय खाल्लं नव्हतं, संध्याकाळी मटण खायचं म्हणून पोट रिकामं ठेवलेलं, हा शहाणपणा माझाच. तांबडा पांढरा यायला रात्रीचे साडेदहा वाजले, तोवर नुसते खारे शेंगदाणे आणि मसाला पापड. रात्री नेहमीसारखं दुखलं पण यावेळी सोमवारी दिवसभर राहिलं, आणि मंगळवारी सकाळी संडासला गेलो तर काळं. नुसतं गडद नाही, डांबरासारखं काळं आणि चिकट, आणि वास वेगळाच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "जांभळं खाल्लासा काय?" खाल्ली होती खरं, शनिवारी, पाव किलो. मग मी जांभळांच्या नावावर तो दिवस ढकलला. बुधवारी परत तसंच आणि जिना चढताना दम लागला तेव्हा बायकोनं काही न बोलता गाडीची चावी घेतली.

आता दवाखाना. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे पण ती बंद होती. फोन करून नंबर लावता येतो, आम्हाला २३ नंबर मिळाला, अकराची वेळ सांगितली आणि आत गेलो एक वाजून दहा मिनिटांनी. बसायला खुर्च्या बऱ्या आहेत, पाणी गार आहे, टीव्हीवर म्यूट करून बातम्या. हे सगळं चालतं हो, गर्दीचा दवाखाना म्हणजे असंच. पण रिसेप्शनवरच्या मॅडमनी नवीन पेशंटचा फॉर्म भरताना काय त्रास म्हणून विचारलं, मी हळू आवाजात सांगितलं की दारू घेतल्यावर पोटात दुखतंय, तर त्या आतल्या सिस्टरला एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं ते दारूचे पेशंट आलेत, त्यांचं वजन कर." सगळा हॉल वळला. समोर आमच्या कॉलनीतले एक काका बसलेले, ते पेपरात तोंड घालून बसले, आणि माझ्यापेक्षा बायकोला जास्त लागलं ते. एक स्टार तिथंच गेला. फॉर्मवर एक रकाना ठेवला तर काय बिघडतं, माणूस लिहून देईल की. पोटाचा डॉक्टर म्हणजे निम्मे पेशंट असलंच काहीतरी सांगायला येणार, कुणी दारू, कुणी मूळव्याध, आणि हे सगळं चारचौघात ओरडायच्या गोष्टी नाहीत. अशानं लोक खोटं सांगतात आणि मग डॉक्टर भलतंच शोधत बसतात.

डॉक्टर मात्र एक नंबर माणूस. वय पन्नाशीचं असंल, बोलणं हळू, आणि मुख्य म्हणजे भाषण दिलं नाही. मी आधीच तयारीत होतो की आता हे दारूवरनं झापणार. त्यांनी आधी काळ्या शीचं विचारलं, कधीपासून, किती वेळा, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का कारण त्यानं पण काळी होते, चक्कर येते का, उलटी झाली का आणि झाली असेल तर कॉफीच्या चोथ्यासारखी होती का. मला आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून परत घेतलं. आणि मग एवढंच म्हणाले की काळी शी म्हणजे वरच्या बाजूला कुठंतरी रक्त गेलंय, मंगळवारीच यायला पाहिजे होतं, कुठल्याही कॅज्युअल्टीत, माझ्याकडेच असं नाही. जांभळांचं सांगितलं तर हसले पण नाहीत.

दुसरा मुद्दा पाठीत जातंय का. म्हणजे दुखणं पोटातनं आरपार पाठीकडं जातं का आणि पुढं वाकून बसलं की कमी होतं का. मी म्हटलं नाही, तरी रक्ताच्या तपासण्यांत लायपेज लिहिलं आणि सोनोग्राफी सांगितली. स्वादुपिंडाला सूज आली की लायपेज नॉर्मलच्या तिपटीच्या वर जातं म्हणे, आणि त्या सुजेची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू, त्यामुळं ते आधी बाजूला काढायचं, ते निघालं तर ॲडमिट व्हावं लागतं, गोळ्या घेऊन घरी बसायचं दुखणं नाही ते. माझं नॉर्मल आलं. हिमोग्लोबिन ११.४ आलं, मागच्या वर्षी ऑफिसच्या चेकअपला १४ च्या वर होतं, तेव्हा कळलं दम कशाचा लागत होता.

मग विचारलं किती घेता. मी म्हटलं कधीतरी, थोडी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले थोडी म्हणजे नाइन्टी की क्वार्टर. म्हटलं क्वार्टर, कधी थोडं वर. त्यांनी तिथंच पॅडवर गणित मांडलं, १८० मिली गुणिले ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली निव्वळ अल्कोहोल, आणि कागद माझ्याकडं फिरवला. बास, त्यावर काही बोलले नाहीत. मी बीए झालोय पण बाटलीवरचा तो ४२.८ आकडा मी आयुष्यात कधी गुणून बघितला नव्हता. बिअरचं सांगितलं तर म्हणाले तिथंच तुमचं उलटं झालं, बिअर आणि वाइननं पोटातलं ॲसिड वाढतं, व्हिस्की-रमनं तेवढं वाढत नाही, पण म्हणून व्हिस्की चांगली असं नाही, ती कडक असल्यानं आतलं अस्तर सरळ सोलते. म्हणजे मी एका खड्ड्यातनं दुसऱ्यात.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी हा एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहितोय. "दुसऱ्या दिवशी डोकं दुखू नये म्हणून काय घेता?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मला स्वतःला पण सुचलं नव्हतं, कारण ते मी औषधात धरतच नव्हतो. आमच्या ग्रुपमध्ये एकानं शोध लावलेला, झोपायच्या आधी एक आयबुप्रोफेन घ्यायची दोन ग्लास पाण्याबरोबर, सकाळी डोकं एकदम हलकं. खरंच हलकं राहायचं. दर शनिवारी एक, कधी रविवारी सकाळी अजून एक. गटारीच्या बसण्याला दोन घेतल्या होत्या, सोमवारी ऑफिस होतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या आतल्या भिंतीवर एक चिकट थर असतो, ॲसिडपासनं तोच वाचवतो, तो थर सारखा नवा होत राहावा यासाठी शरीर एक पदार्थ तयार करतं आणि ही गोळी नेमकी त्याच पदार्थाला अडवते, दुखणं थांबतं ते पण त्याच्यामुळंच. दारूनं भिंत खरवडायची आणि गोळीनं रंगाऱ्याला सुट्टी द्यायची, असं तुम्ही दर शनिवारी करताय. पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन पण त्याच जातीची. मी लगेच हुशारी केली, मग पॅरासिटामॉल? तर म्हणाले त्यानं पोट वाचेल पण दारू आणि ते दोन्ही लिव्हरच्याच अंगावर जातं, पाणी प्या आणि डोकं दुखलं तर दुखू दे. बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती, घरी येऊन तिनं औषधांचा डबा उपडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीची वेळ दिली. रात्री नऊनंतर काही खायचं नाही, सकाळी पाणी पण नाही. याचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं, खरं सांगायचं तर दोन वर्षं डॉक्टरकडं न जाण्याचं निम्मं कारण हीच दुर्बीण. आमच्या मामांनी पंधरा वर्षांपूर्वी केलेली ते अजून लग्नकार्यात सांगतात, की गळ्यात पाईप घातला आणि चार जणांनी धरलं वगैरे. बाहेर बसल्या बसल्या मोबाईलवर वाचत होतो तर १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा माणसाच्या पोटात बघायचं ठरवलं तेव्हा सरळ ताठ नळी होती आणि ती आत घ्यायला त्यानं तलवार गिळणारा माणूस आणला होता, जत्रेतला असतो तसला. ते वाचून मला धीर यायला पाहिजे होता, आला नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सविस्तर लिहितो कारण हे कुणी लिहीत नाही. आधी घशात स्प्रे मारतात, चव कडू जहर, दोन मिनिटांत जीभ आणि घसा बधिर, थुंकी गिळता येत नाही असं वाटतं आणि तिथंच माणूस घाबरतो, पण श्वास व्यवस्थित चालू असतो. झोपेचं इंजेक्शन पाहिजे का विचारतात, घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि बरोबर माणूस लागतो. मी नको म्हटलं, उगाच शूरपणा. मग डाव्या कुशीवर झोपवलं, दातात प्लॅस्टिकची चकती दिली, तिच्या भोकातनं नळी. नळी बोटापेक्षा बारीक असते आणि मऊ, पाईप वगैरे काय नाही. गिळा म्हणतात तेव्हा गिळायचं, त्या एका क्षणाला जोरात ओकारी येते, डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, आणि ते झालं की पुढं फक्त पोटात हवा भरल्यासारखं. सिस्टर, वयानं आमच्या आईएवढ्या, पाठीवर हात ठेवून सारखं म्हणत होत्या, "नाकानं श्वास घ्या दादा, झालंच, झालंच." त्या बाईंना वेगळे पाच स्टार. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो, आत घातल्यापासनं बाहेर काढेपर्यंत सहा मिनिटं. कुणी धरलं बिरलं नाही. मामांना आता मी सोडणार नाही.

स्क्रीन माझ्या बाजूला पण दिसत होती, ओल्या गुलाबी गुहेसारखं आणि त्याच्या खालच्या भागात लाल ठिपके, दोनचार जागी खरचटल्यासारखं आणि त्यावर काळपट. मोठा अल्सर नव्हता, रक्त आपोआप थांबलं होतं. आतनं दोन बारीक तुकडे घेतले, त्याचं अजिबात कळत नाही, आणि त्यातला एक पिवळ्या रंगाच्या जेलीत टाकला. डॉक्टर म्हणाले वीस मिनिटं बाहेर बसा, पिवळं राहिलं तर ठीक, गुलाबी झालं तर अजून एक पाहुणा आहे. झालं गुलाबी, चांगलं झगझगीत.

पाहुणा म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, ॲसिडमध्ये पण जगतो, आपल्याकडं भरपूर लोकांच्या पोटात असतो आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. म्हणजे माझ्या पोटात तीन भाडेकरू, जंतू, दारू आणि ती गोळी. डॉक्टरांनी या जंतूची गोष्ट पण सांगितली, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलनं १९८४ साली या जंतूचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं कारण लोक ऐकतच नव्हते, आणि २००५ ला त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर पंधरा माणसं ताटकळलेली आणि हे नोबेलची गोष्ट सांगतायत. आता मला उशीर का झाला होता ते कळलं.

ट्रीटमेंट चौदा दिवसांची, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी, सकाळ संध्याकाळ. तोंडाला सतत लोखंडासारखी चव, चहा नको वाटायचा. त्यातली एक अँटिबायोटिक मेट्रोनिडाझोल, तिच्याबरोबर आणि नंतरचे तीन दिवस दारूचा थेंब पण नाही हे पॅडवर लाल पेननं लिहून दिलं, उलट्या आणि धडधड होऊ शकते म्हणून. आणि ॲसिडची गोळी मी दोन वर्षं चुकीची घेत होतो ते पण इथंच कळलं. ती सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असती, खाणं पोटात गेल्यावर ॲसिडचे पंप सुरू होतात त्याच्या आधी ती रक्तात पाहिजे. मी रात्री बाराला, पोटात क्वार्टर आणि मटण असताना घेत होतो. कंपनीला फायदा, मला काय नाही.

टायमिंग मात्र देवानं जुळवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि श्रावण लागला. ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटलं हा यंदा श्रावण पाळतोय, कुणी काय विचारलं नाही, उलट एकानं कौतुक केलं. आईला पण तसंच वाटलं आणि तिनं सोमवारी साबुदाण्याची खिचडी केली, तिला खरं सांगितलेलं नाही अजून, हे ती वाचत नाही म्हणून लिहितोय.

बिलाचं सांगतो. तपासणी ७००, दुर्बीण ३,२००, ती जेलीची टेस्ट ४००, रक्त आणि सोनोग्राफी वेगळ्या ठिकाणी मिळून २,६०० च्या आसपास. पावती मागितली तर लगेच दिली, न मागता देत नाहीत. दोन वर्षांत मी स्ट्रिपा, पुड्या आणि पाचकांवर यापेक्षा जास्त घालवले असतील. एक वाईट म्हणजे पथ्याचा कागद इंग्लिशमध्ये आणि तो पण झेरॉक्सचा झेरॉक्स, त्यात ओट्स आणि ब्रोकोली खायला सांगितलंय, कोल्हापुरात. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, ताक चालतंय, तिखट झेपेल तेवढं, तो कागद सोडून द्या. मग छापताय कशाला.

एक चांगली गोष्ट म्हणजे पाठपुरावा. गोळ्या संपून महिना झाल्यावर त्यांच्याकडनंच फोन आला की जंतू गेला का बघायला शीची टेस्ट करायची, त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवा नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. फोन त्याच रिसेप्शनच्या मॅडमचा होता, यावेळी हळू बोलत होत्या. कुणीतरी सांगितलं असणार, मी नाही, बहुतेक बायकोनं. टेस्ट निगेटिव्ह आली, हिमोग्लोबिन १३.१.

दारूचं काय, हे सगळे विचारणार म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणाले सोडलीत तर उत्तम, आणि एवढंच म्हणाले, परत विषय काढला नाही. गणपती झाले, अनंत चतुर्दशी झाली, मी घेतली नाही. पुढं काय ते मला पण माहीत नाही, उगाच इथं शपथ कशाला घेऊ. परवा मित्रांबरोबर परमिट रूमला गेलो, सोडा लिंबू घेतलं. आपल्याकडं पिण्याच्या परवान्यावर आरोग्य राखण्यासाठी असं कारण छापलेलं असतंय, पाच रुपयांचा तो एक दिवसाचा परवाना, त्यावर आम्ही दर वेळी हसायचो, यावेळी मी एकटाच हसलो. आयबुप्रोफेनवाल्या शोधकर्त्याला ती गोळी का नको ते दोन वेळा समजावलं. पहिल्या वेळी त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी काळ्या शीचं वर्णन केलं, तेव्हा चकण्याची प्लेट बाजूला सारून त्यानं दवाखान्याचा नंबर घेतला.

जाणार असाल तर शनिवार टाळा, आणि नंबर वीसच्या पुढचा मिळाला तर सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांनी गेलात तरी चालतंय. गाडी गल्लीत लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात. दुर्बिणीनंतर अर्धा पाऊण तास घसा बधिर असतो तोवर काही प्यायचं नाही, ते उतरल्यावर खाली कोपऱ्यावर नारळपाणीवाला आहे, पन्नास रुपये घेतो पण गोड असतंय.